सत्यवचनी हरिश्चंद्र: प्रारब्ध राजाचे, निष्ठा कोणाची?

अवंती_क (धागाकर्ती)

आपल्याकडच्या राजकथांत एक गोष्ट वारंवार घडते. राजा गुणी असतो, प्रजा सुखी असते, आणि मग त्याच्या अपराधाच्या मानाने फारच मोठे संकट त्याच्यावर कोसळते. नळाच्या अंगात कली शिरतो, विक्रमाला साडेसाती लागते, हरिश्चंद्राच्या दारात विश्वामित्र येऊन उभा राहतो. हे संकट आधीच ठरलेले असल्यामुळे कथा पुन्हा सांगणाऱ्याला तिथे फारसा हात घालता येत नाही. त्याच्या हाती उरते ते एवढेच, की पडत्या काळात कोण कोणाला धरून राहिले आणि कोणी कोणाचा हात सोडला, हे आपल्या मनासारखे रंगवायचे. म्हणून या कथांची खरी उलथापालथ प्रारब्धात होत नाही, निष्ठेत होते, असे माझे मत आहे.

हरिश्चंद्राने शब्द पाळला, याबद्दल दुमत नाही. पण विश्वामित्राला राज्य दान दिल्यावर राहिलेल्या दक्षिणेचे ऋण त्याचे होते आणि काशीच्या बाजारात आधी विकली गेली ती त्याची राणी तारामती. तिचा पदर घट्ट धरलेला मुलगा रोहिदास तिच्यापाठोपाठ गेला, आणि राजाचा क्रम सगळ्यांत शेवटी लागला. पुढे डोंबाचा चाकर म्हणून स्मशान राखताना, मुलाचे प्रेत घेऊन आलेल्या बायकोकडे त्याने कर मागितला, आणि आपल्या नाटका-चित्रपटांत तर तिच्यावर तलवारही उगारली. याला सत्यनिष्ठा म्हणावे, हे मान्य. परंतु माणसांविषयीची निष्ठा या कथेत एकट्या तारामतीच्याच वाट्याला का यावी? राजा कोणाशी एकनिष्ठ होता, की केवळ स्वतःच्या शब्दाशी?

खुंटीवरचा सदरा

धागा उत्तम आहे, पहिल्या रांगेत बसून घेतो. आमच्या कार्यालयात खरे बोलणाऱ्याला ‘सत्यवादी हरिश्चंद्राचा अवतार’ म्हणतात आणि यथावकाश त्याची बदली होते, त्यामुळे प्रारब्धाविषयी मला थोड्याफार अधिकाराने लिहिता येईल.

पोथीवाचक

धागाकर्तीच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. मार्कंडेय पुराणात आपली तारामती शैव्या या नावाने येते, आणि तिथे विक्रीचा विचार राजाचा नाहीच. दक्षिणेची महिन्याची मुदत संपत आलेली असते, विश्वामित्र काशीपर्यंत पाठलाग करत आलेला असतो, तेव्हा तीच नवऱ्याला म्हणते की मला पुत्र झालेला आहे, तेव्हा आता मला विका आणि ब्राह्मणाचे देणे फेडा. हे ऐकून राजा मूर्च्छित पडतो. शुद्धीवर आल्यावर तो स्वतःला जी दूषणे देतो ती वाचली, तर त्याला निव्वळ शब्दाचा गुलाम म्हणणे जड जाईल.

अवंती_क

पोथीवाचकजी, तपशील तुमचा बरोबर आहे, पण त्याने माझा मुद्दा उलट बळकट होतो. विकण्याची सूचना तिच्याच तोंडी घातली की राजाचे हात स्वच्छ राहतात आणि श्रोत्यालाही रडायला मोकळीक मिळते. ज्या वाक्याने राजा दोषमुक्त होतो, नेमके तेच वाक्य जिला सोसायचे आहे तिला बोलायला लावावे, ही कथाकाराची हुशारी आहे.

एकारांत

मार्कंडेय पुराणाच्याही बरेच मागे गेले, तर हा प्रश्न अगदी वेगळा दिसू लागतो. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या सातव्या पंचिकेत (भागात) हरिश्चंद्र आहे, पण तिथे तारामती नाही, डोंब नाही, काशी नाही, आणि मुख्य म्हणजे सत्यवचनही नाही. तिथला हरिश्चंद्र शंभर राण्या असून निपुत्रिक आहे. नारदाच्या सल्ल्याने तो वरुणाला साकडे घालतो की मला पुत्र दे, त्याचाच मी तुला बळी देईन. रोहित (आपला रोहिदास) जन्मतो आणि वरुण आपले मागायला येतो. मग राजाची टाळाटाळ सुरू होते: दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, दुधाचे दात पडू देत, पुन्हा येऊ देत, शस्त्र धरण्याजोगा होऊ दे. दर वेळी वरुण ‘ठीक आहे’ म्हणून परत जातो. शेवटी राजा मुलाला खरे काय ते सांगतो, तेव्हा मुलगा ‘नाही’ म्हणून धनुष्य उचलतो आणि अरण्यात निघून जातो, आणि इकडे राजाला जलोदर होतो.

आपण भिंतीवर लिहितो ते ‘चरैवेति’ या प्रसंगातले आहे. बापाच्या आजाराची बातमी ऐकून रोहित वर्षावर्षाने परत यायला निघतो आणि इंद्र ब्राह्मणाच्या वेषात त्याला वाटेत गाठून सांगतो की फिरत राहा, कारण बसलेल्याचे भाग्य बसून राहते, निजलेल्याचे निजते आणि चालणाऱ्याचे चालत राहते. बापाने केलेल्या नवसातून निसटलेल्या मुलाला देवांचा राजा प्रारब्धावर हा उतारा सांगतो! पुढे रोहित अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाकडून शंभर गाईंना त्याचा मधला मुलगा शुनःशेप विकत घेतो. थोरला बापाने धरून ठेवला, धाकटा आईने, म्हणून मधला गेला. त्याला यूपाला, म्हणजे बळीच्या खांबाला, बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधले, आणि आणखी शंभर घेऊन तो शस्त्र परजत पुढे आला. शुनःशेप देवतांची स्तुती करतो, एकेक ऋचेबरोबर पाश गळून पडतात आणि राजाचे पोट ओसरते. त्या यज्ञात विश्वामित्र ‘होता’, म्हणजे ऋचा म्हणणारा पुरोहित, आहे, आणि सुटलेल्या मुलाला तोच आपला पुत्र मानतो.

म्हणजे मूळ कथेत राजा शब्द टाळणारा आहे आणि विश्वामित्र दयाळू आहे. पुढच्या कथाकारांनी दोघांचीही अदलाबदल केली. विकलेले पोर मात्र कायम राहिले. फक्त ते परक्याचे होते, ते घरचे झाले.

खुंटीवरचा सदरा

दातांच्या हप्त्यांवर मुदतवाढ मागणारा हा राजा समस्त कर्जदारांचा कुलपुरुष मानायला हवा. वरुणाचे वसुली खाते मात्र फारच सौम्य दिसते.

माजघर

एकारांतजींचा प्रतिसाद वाचून चांगुणा आठवली. वरुणाला पोर द्यायचे टाळणारा हरिश्चंद्र एकीकडे, आणि दारी आलेल्या अतिथीसाठी पोटच्या चिलया बाळाचे शिर उखळात घालून कांडणारी श्रियाळाची राणी दुसरीकडे. आमच्याकडे श्रावणात शिवलीलामृत वाचताना हा अध्याय आला की आजी आवाज बारीक करत असे आणि लहान मुलांना मागच्या अंगणात पाठवले जाई. तिथेही नवस, व्रत, कीर्ती सगळे राजाचे आहे आणि मुसळ राणीच्या हातात आहे.

घाटवाटा

थोडे अवांतर आहे, पण विषयाशी नाते आहे. अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर गडाला नाव राजाचे असले, तरी तिथले सर्वांत उंच शिखर तारामतीचे आहे, आणि रोहिदासाचे शिखर त्याच परिसरात आहे. लोकांनी नावे देताना कथाकारांपेक्षा न्यायाने वाटणी केली, असे म्हणायला हरकत नाही.

वैदर्भी

अवंतीताई, तुम्ही नळाचा उल्लेख करून पुढे गेलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा तिथे आहे, आणि दमयंती आमच्या कुंडिनपुराची असल्यामुळे हे लिहिणे मला भागच आहे.

नळाच्या कथेत प्रारब्धाला शिरायला फट किती लहान लागते, ते पाहा. कली बारा वर्षे टपून असतो आणि एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसतो, तेवढ्यावर तो आत शिरतो. पुढे द्यूत, वनवास, आणि मध्यरात्री झोपलेल्या बायकोचे अर्धे वस्त्र तलवारीने कापून निघून जाणे. महाभारतकाराने तिथे त्याला झोपाळ्यासारखे पुढे-मागे हेलकावताना दाखवले आहे: जातो, परततो, तिच्याकडे पाहतो, पुन्हा जातो. कली ओढतो आणि प्रेम परतवते. म्हणजे राजाने निष्ठा मोडली हे कथाकाराने झाकलेले नाही. त्याचा दोष कलीवर ठेवला, पण तो क्षण लांबवून पुरता दाखवला.

आणि दमयंती रडत बसत नाही. राज्य जाणार हे दिसताच ती वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुलांना माहेरी पोहोचवते. पुढे नवऱ्याला हुडकायला गावोगाव ब्राह्मण पाठवते, त्यांच्याजवळ एक ठरलेले वचन देते, आणि बाहुक नावाच्या सारथ्याकडून (तो रूप पालटलेला नळच) त्या वचनाला उत्तर आल्यावर दुसऱ्या स्वयंवराचा खोटा निरोप अशा बेताने धाडते की एका दिवसात शंभर योजने रथ हाकणारा माणूसच वेळेवर पोहोचावा. इथे परीक्षा घेणारी ती आहे आणि देणारा राजा.

कली कसा जातो, हेही लक्षात घ्या. तो नवसाने किंवा व्रताने जात नाही. बाहुकाचा धनी राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजतो, ती विद्या नळ त्याच्याकडून शिकतो, आणि तिच्याबरोबर अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, हाती येताच कली नळाला डसलेल्या कर्कोटक नागाचे विष ओकत बाहेर पडून त्या बेहड्यात शिरतो. ज्या खेळाने राज्य घालवले, त्याचे गणित आल्यावर प्रारब्ध सुटले. हरिश्चंद्राच्या कथेत असे शिकण्यासारखे काही नाही, नुसते सोसणे आहे, म्हणून ती मला कमी प्रतीची वाटते.

शनवारकर

‘नुसते सोसणे’ हीच तर आमच्या शनिमाहात्म्याची खासियत आहे, वैदर्भीताई. तात्याजी महिपतीच्या पोथीत विक्रम भर सभेत शनीची थट्टा करतो आणि त्याला साडेसाती लागते. घोडा त्याला रानात नेऊन टाकतो, तामलिंदा नगरीत चित्रातला हंस मोत्यांचा हार गिळतो, चोरीचा आळ येतो, हातपाय तोडले जातात, आणि उज्जयिनीचा राजा तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो. या सगळ्यात विक्रम कोणाशी निष्ठावंत राहिला, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. निष्ठा दाखवतो तो तेली. ज्याला गावाने चौरंगा करून टाकले, त्याला त्याने उचलून घरी नेले, खाऊ घातले आणि बसून करता येईल असे काम दिले. दर शनिवारी पोथी वाचणारे शनीला तेल वाहतात. त्या तेल्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

स्पष्टवक्ता

चर्चा रंगली आहे, पण मला मूळ भूमिकाच पटलेली नाही. आजची मोजपट्टी घेऊन पुराणातल्या राजाकडे कुटुंबवत्सलतेचा दाखला मागणे अन्यायाचे आहे. ही कथा वचनाची आहे आणि ती ऐकणाऱ्यांनी तिच्यातून वचनच घेतले. गांधीजींनी लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि सगळेच त्याच्यासारखे सत्यनिष्ठ का होत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. कथेची किंमत तिच्यातून माणूस काय घेतो यावरून व्हावी. तारामतीवर अन्याय झाला म्हणून कथा उणी ठरत नाही, कारण वचनाची किंमत किती आहे हे दाखवण्यासाठीच तो अन्याय कथेत आहे.

अवंती_क

शेवटचे वाक्य मला मान्य आहे, स्पष्टवक्ताजी. माझी तक्रार अशी, की दर पिढीला ही किंमत वाढवत नेण्यात आली आणि वाढीव रक्कम प्रत्येक वेळी तारामतीच्याच नावे पडली. मार्कंडेय पुराणात राजा जागेपणी, समोरासमोर दान देतो. आपल्या लोकप्रिय कथेत ते स्वप्नात दिलेले असते. मार्कंडेय पुराणात तलवारीचा प्रसंग नाही. मुलाच्या प्रेतापाशी दोघे एकमेकांना ओळखतात आणि मिळून चितेत उडी घेण्याचे ठरवतात. बालघातकी ठरवून तिला मारायला आणणे देवीभागवतात येते, आणि पुढे तो प्रसंग इतका आवडीचा झाला की त्याच्याशिवाय कथा पूर्णच वाटेना.

तंबूतला सिनेमा

त्या प्रसंगाला पडद्यानेही हातभार लावला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, त्यात तारामतीवर खुनाचा आळ आणि राजाच्या हाती तलवार आहे. तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला तेव्हा बाई मिळेना. पुढे १९३२ मध्ये प्रभातने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते आणि दुर्गाबाई खोटे तारामती. एकोणीस वर्षांत तारामतीला स्वतःचा आवाज मिळाला, आणि दुर्गाबाईंसारखी ताठ मानेची बाई त्या जागी उभी राहिल्यावर तिचे सोसणे लाचारीचे वाटेनासे झाले. संहितेत फारसे न बदलताही पुनर्कथन बदलते, ते असे.

नेपथ्य

याच मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. माझे मूळ गाव कुडाळजवळ असल्यामुळे दशावतार पाहत मोठा झालो. दशावतारात लेखी संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट आयत्या वेळी आपल्या पदरचे बोलतो. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडे. पहिल्या प्रवेशात ते हरिश्चंद्राचे सिंहासन असते आणि काशीच्या बाजारात तारामती त्याच बाकड्यावर उभी राहते. तारामती झालेल्या एका नटाने तिथे चढण्यापूर्वी पदराच्या टोकाने ते बाकडे पुसून घेतले होते. बोलला काहीच नाही. संवाद नटाच्या स्वाधीन असले की कुठली तारामती स्वतःहून ‘मला विका’ म्हणते, कुठली गप्प राहते आणि कुठली जाता जाता राजाला दोन शब्द ऐकवते.

सध्या बंगळुरात आमच्या मंडळासाठी हेच आख्यान तासाभरात बसवतो आहे आणि शेवटाशी अडलो आहे. तलवार उगारली, देव प्रकटले, मुलगा उठला, पडदा पडला, हे मला आता खोटे वाटते. प्रारब्धाने एवढे दळून काढल्यावर राजाने स्वतःच्या बुद्धीने काहीतरी करायला हवे. जुन्या कथेत तसे काही आहे का?

एकारांत

आहे, नेपथ्यजी, आणि मार्कंडेय पुराणातला तो भाग कीर्तना-चित्रपटांच्या वाटेवर कुठेतरी गळून पडला. रोहिताश्व (म्हणजे रोहिदास) उठल्यावर, स्मशानाचा स्वामी झालेला चांडाळ म्हणजे प्रत्यक्ष धर्मच होता हे उघड झाल्यावर, इंद्र राजाला म्हणतो की बायको-मुलासह स्वर्गात चल. हरिश्चंद्र आधी म्हणतो की माझ्या धन्याची परवानगी घेतल्याशिवाय मी येणार नाही. तेव्हा धर्म त्याला सांगतो की तो धनी मीच होतो. मग राजा दुसरी अट घालतो: अयोध्येचे लोक माझ्या दुःखात बुडालेले आहेत, त्यांना टाकून मला स्वर्ग नको.

इंद्र यावर जे उत्तर देतो, ते कर्मसिद्धांताचे निखळ उत्तर आहे. त्या सर्वांची पुण्ये-पापे वेगवेगळी आहेत, त्यांना एकत्र स्वर्ग कसा मिळेल? आणि हरिश्चंद्र म्हणतो की राजा राज्य भोगतो ते प्रजेतल्या कुटुंबांच्या बळावर, यज्ञ करतो आणि विहिरी-तळी बांधतो तेही त्यांच्याच बळावर. तेव्हा माझे पुण्य असेल ते त्यांच्यात वाटून टाक, मग मला पुष्कळ काळ मिळणारे फळ त्यांच्यासोबत एकच दिवस मिळाले तरी चालेल. इंद्राला ते मानावे लागते आणि सगळी अयोध्या वर जाते.

सबंध कथेत राजा प्रारब्धापुढे मान तुकवत आलेला आहे. मागितले ते दिले, विकले, विकला गेला. प्रारब्धाच्या हिशेबालाच तो हरकत घेतो ती इथे, आणि ती स्वतःसाठी नव्हे, तर जी माणसे त्याच्यासाठी रडली त्यांच्यासाठी. अवंतीताईंच्या ‘राजा कोणाशी एकनिष्ठ होता’ या प्रश्नाला पुराणात उत्तर आहे, पण पुढच्या सांगणाऱ्यांना तलवार अधिक आवडली.

पोथीवाचक

याला जोडून एक. शैव्येला विश्वामित्र दंडाने मारतो, तेव्हा ते पाहून विश्वेदेव या देवगणातले पाच जण हळहळतात आणि विश्वामित्राला पापी म्हणतात, आणि तेवढ्यावरून त्यांना शाप मिळतो की मनुष्यजन्म घ्या. तेच द्रौपदीचे पाच पुत्र, जे अविवाहितच मारले गेले. व्यासशिष्य जैमिनीने विंध्यातल्या ज्ञानी पक्ष्यांना जे चार प्रश्न विचारले, त्यांत या पाच मुलांच्या मरणाचा एक होता, आणि त्याच्या उत्तरादाखल ही सगळी कथा पुराणात येते. म्हणजे मार्कंडेय पुराणात हरिश्चंद्र मुळात कोणा दुसऱ्याच्याच प्रारब्धाचा खुलासा म्हणून आला आहे.

माजघर

हळहळ व्यक्त केली म्हणून शाप! आमच्या वाड्यात कीर्तनाला बसलेल्या समस्त बायका यात सापडल्या असत्या.

अवंती_क

एकारांतजी, हा शेवट मला ठाऊक नव्हता असे नाही, परंतु तो निष्ठेच्या बाजूने असा वाचला नव्हता. प्रजेबद्दल राजा जे बोलतो ते मोठे आहेच. तरीही पुण्य वाटताना तो शैव्येचा वाटा वेगळा मोजत नाही. तिने मिळवलेले पुण्यही त्याच्याच खात्यातून अयोध्येला गेले, असा हिशेब दिसतो.

स्पष्टवक्ता

आता तुम्ही इंद्राच्याच बाजूने बोलू लागलात. प्रत्येकाचे पुण्य वेगळे मोजा, हा त्याचाच आग्रह होता.

अवंती_क

हा टोला बरोबर बसला. पण इंद्राने शैव्येला विचारले असते, तर तिने काय म्हटले असते, हे मला अजूनही ऐकायचे आहे.

नेपथ्य

मग ते वाक्य तिलाच देतो. इंद्र ‘एकत्र कसे नेणार’ म्हणाला की तारामती विचारेल, माझे पुण्य यात धरले का? राजा ‘कुटुंबांच्या बळावर’ म्हणेल ते तिच्याकडे पाहून. एकारांतजी, दहा नटांत सबंध अयोध्या दाखवायची आहे, त्यामुळे प्रेक्षकांनाच अयोध्या धरून त्यांना उभे करण्याचा विचार आहे. फक्त विश्वामित्राचे काय करायचे ते सांगा. शेवटी त्याला शिक्षा होते की नाही?

एकारांत

शिक्षा होत नाही. उलट पुराणात रोहिताश्वाला अयोध्येच्या गादीवर अभिषेक करतो तो विश्वामित्रच. सगळी प्रजा स्वर्गात गेल्यावर त्याने राज्य कोणावर करायचे, हे मात्र तुमच्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी विचारणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा.